दहा आकड्यांचा भाडेकरार

मोबाइल नंबर आपल्या मालकीचा नसतो. पंधरा-वीस वर्षं तोच वापरला, दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला, लग्नपत्रिकेत प्रेषकाच्या नावाखाली छापला, तरी तो कंपनीने आपल्याला वापरायला दिलेला असतो. घर भाड्याचं असलं की निदान भाडेकरूला त्याची जाणीव असते. नंबराच्या बाबतीत ती कुणालाच नसते, आणि ऑनलाइन खासगीपणाबद्दलच्या आपल्या निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वापर नसल्यामुळे बंद झालेले नंबर कंपन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ नयेत, अशी मागणी होती. दूरसंचार नियामक ट्रायने सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही. न्यायालयाने मागणी फेटाळली. जुन्या नंबरावरचा आपला डेटा काढून घेण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची, असा निकालाचा सूर होता. निकाल कडक वाटतो, पण व्यवहाराला धरून आहे. दहा आकडी नंबरांचा साठा अमर्याद नाही, ते फिरवावेच लागतात. प्रश्न एवढाच की ९० दिवसांत घर खाली करायचं असतं, हे भाडेकरूला सांगितलं कुणी?

नवं सिम घेणाऱ्याला मग कधीकधी दुसऱ्याचा संसार आयता मिळतो. आधीच्या माणसाने थकवलेल्या हप्त्यासाठी वसुलीवाल्याचे फोन येतात. कुणाच्या तरी गॅस सिलिंडरचा पोच-कोड येतो, आणि तिकडे ते घर रिकाम्या हाताने परत चाललेल्या डिलिव्हरीवाल्याशी वाद घालत असतं. शाळेच्या फीची आठवण, पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टची लिंक, सगळं येतं. ट्रूकॉलरवर नाव जुन्याच माणसाचं दिसत राहतं.

या सगळ्यात पैशांचा धोका लोकांना वाटतो तिथे सहसा नसतो. निव्वळ नंबर हातात आल्याने बँक खातं उघडत नाही. युजर आयडी, डेबिट कार्डाचे तपशील, पिन यांपैकी काहीतरी आणखी लागतंच. खरा धोका आहे तो जिथे नंबर टाकला, ओटीपी आला आणि दार उघडलं, अशा ठिकाणी. खाण्याच्या ऑर्डरी, किराणा, टॅक्सी, औषधं यांची बरीच ॲप्स याच प्रकारात मोडतात. तिथे घराचा पत्ता मजल्यासकट असतो, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते असतं, कधीकधी वॉलेटमध्ये शिल्लकही असते. व्हॉट्सॲपचंही पाहण्यासारखं आहे. जुना नंबर सोडल्यावरही वायफायवर व्हॉट्सॲप चालू राहू शकतं म्हणून लोक निर्धास्त असतात. ज्या दिवशी नवा मालक त्याच नंबरावर व्हॉट्सॲप सुरू करतो, त्या दिवशी आपण बाहेर फेकले जातो. जुन्या गप्पा त्याला दिसत नाहीत, पण गटांत यापुढे येणारे मेसेज त्याच्या फोनवर जाऊ शकतात. सहा आकडी टू-स्टेप पिन लावला असेल तर तो अडतो, पण सातच दिवस. त्यानंतर पिनशिवाय नव्याने नोंदणी करता येते.

नंबर आपल्याला इतका चिकटला कधी? ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा नंबर म्हणजे फक्त फोन लावायचे आकडे होते. कंपनी बदलली की नंबर बदलायचा, मग मित्रमंडळींना ‘माझा नवा नंबर’ म्हणून मेसेज जायचा. त्या काळी नंबराला काही टांगून ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना ओळखीचा दुसरा पुरावा सक्तीचा केला आणि पुढे त्याचं रूप मुख्यतः एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचं झालं. २० जानेवारी २०११ रोजी नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर आली. माझ्या मते खरं वळण हेच. ग्राहकाच्या भल्याची सोय होती यात शंका नाही, पण त्या दिवसापासून नंबर बदलण्याचं कारणच उरलं नाही, आणि जे बदलत नाही त्याला बँक, आधार, गॅस, वीज, शाळा सगळे येऊन चिकटले. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि गाठ पक्की झाली.

गंमत अशी की ज्या एसएमएसवर हा डोलारा उभा आहे तो गुप्ततेसाठी बनलेलाच नव्हता. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर आपापसांत जी संकेतांची देवाणघेवाण करतात, त्याच वाटेने दोन शब्द पाठवता आले तर बरं, एवढाच मूळ विचार. म्हणून तर १६० अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीत लिहिलं की तीच ७० वर येते. काना, मात्रा, अनुस्वारही त्यात मोजले जातात. मजकूर पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद नसतो, वाटेतल्या यंत्रणेला तो वाचता येतो. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी मोबाइल कंपन्यांमधल्या या संकेतयंत्रणेतूनच ग्राहकांचे बँक-कोड स्वतःकडे वळवून खात्यांतून पैसे काढले. ग्राहकांच्या फोनला कुणी हातही लावला नव्हता. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. दोन पुरावे लागणारच, पण दुसरा पुरावा म्हणजे एसएमएसच असला पाहिजे असं नाही, हा त्याचा गाभा. उशिरा का होईना, बरं झालं.

एसएमएसचा त्यातल्या त्यात हुशार वापर यूपीआयने केला आहे. यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू करताना कोड आपल्याकडे येत नाही, आपल्याच फोनमधून एक मेसेज बाहेर जातो. तो कुठल्या नंबरावरून आला हे मोबाइल यंत्रणाच सांगते, आणि ॲप, हँडसेट, सिम यांची मोट बांधली जाते. येणारा कोड कुणी विचारला तर माणूस सांगून बसतो. बाहेर जाणारा मेसेज सांगून टाकता येत नाही. म्हणून मग चोरांनी उलटी युक्ती काढली. ते असंबद्ध अक्षरांचा एक मेसेज आपल्याला पाठवतात आणि ‘हा अमुक नंबरावर फॉरवर्ड करा, रिफंड सुरू होईल’ म्हणतात. तो मेसेज म्हणजे त्यांच्या फोनवरच्या ॲपने तयार केलेली नोंदणीची चिठ्ठी असते. आपण फॉरवर्ड केली की त्यांचं ॲप आपल्या नंबराला जोडलं जातं. त्यापुढे यूपीआय पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. तेवढ्यासाठी फोनवरचं गोड बोलणं चालू ठेवलं जातं. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ‘कुणी दिलेला मेसेज तिसऱ्या नंबरावर पाठवू नका’ हे तितकंच घोकायला हवं.

सिमकार्डाची आणखी एक उणीव आहे. फोनला बोटाचा ठसा, चेहरा, पॅटर्न असा सगळा बंदोबस्त असतो. लोकलच्या गर्दीत फोन मारणारा त्या भानगडीत पडत नाही. तो टाचणीने ट्रे उघडतो, सिम काढतो, आपल्या हँडसेटमध्ये घालतो. झालं, आपले ओटीपी त्याच्याकडे. यावरचा इलाज सिम पिन, आणि तो जवळजवळ कुणी लावत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ असतं. चालू करताना आधीचा पिन विचारतो. तो सहसा ०००० किंवा १२३४ असतो, पण अंदाजाने ठोकू नका, कंपनीच्या साइटवर किंवा कस्टमर केअरला विचारून घ्या. तीनदा चुकलं की सिम अडतं आणि ते सोडवण्याचा आठ आकडी कोड, म्हणजे पीयूके, मागतं. तो सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून तोडून काढलं त्यावर छापलेला असतो, नाहीतर कंपनी ओळख पटवून देते. पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं, नवं घ्यावं लागतं. पिन एकदा लागला की फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावरच विचारला जातो, रोजच्या वापरात त्याचा त्रास नाही. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, काढता न येणारं सिम असेल तर ट्रेचा प्रश्नच मिटतो. आणि हो, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर सिम काढायचीही गरज नाही, चोर नुसता ओटीपी वाचून घेईल.

सिम हातात असूनही नंबर पळवता येतो. कुणीतरी आपल्या नावाने खोटी कागदपत्रं देऊन डुप्लिकेट सिम काढतो. त्याची पहिली खूण म्हणजे शेजाऱ्याच्या फोनला त्याच कंपनीची पूर्ण रेंज, आणि आपल्या फोनला फोन बंद-चालू करूनही काहीच नाही. ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणून बसू नये. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला, मग बँकेला फोन करावा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आणि सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट होऊ न देण्याचा नियम याच चोरीसाठी आहे. नवं सिम घेतल्यावर ‘मेसेज का येत नाहीत’ म्हणून काउंटरवर तावातावाने भांडणारे दिसतात, त्यांना हे कुणी समजावून सांगत नाही.

आता दुकानाचं. बिल करताना ‘मोबाइल नंबर?’ हा प्रश्न असा विचारला जातो की जणू त्याशिवाय बिलाचा कागद बाहेरच येणार नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं आहे की नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करता येणार नाही. ‘नंबर देत नाही, बिल कागदावर द्या’ एवढं म्हणणं पुरतं. दर दहातला एखादा मुलगा ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणेल. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मॅनेजरला विचारा. नंबर हवा असतो तो नुसत्या ऑफरच्या मेसेजसाठी नव्हे. कपड्यांचं दुकान, औषधांचं दुकान, विमा एजंट यांच्या याद्यांत नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने असतं, पत्ता अर्धवट असतो, नंबर मात्र तंतोतंत सारखा. याद्या जोडायला तोच एक रकाना पुरतो.

‘आम्ही तुमचा नंबर सांकेतिक रूपात साठवतो’ असं सांगणाऱ्या कंपन्या भेटतात. नंबराला गणिती चाळणीतून काढून त्याची न उलटणारी खूण बनवायची, त्याला हॅश म्हणतात. लांब, अनवट पासवर्डसाठी ही पद्धत चांगली. नंबराच्या बाबतीत तिचा मुखवटाच होतो. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. एसएचए-२५६ सारखा साधा हॅश एखादं बरं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० कोटींहून जास्त वेळा काढू शकतं. सगळ्या नंबरांचे हॅश काढून जुळवायला काही सेकंद. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘हॅश केलं आहे’ म्हणालं, तर त्यात गुप्त किल्ली मिसळली आहे का, ती कुठे ठेवली आहे, हे विचारावं. उत्तर अडखळत आलं तर काय समजायचं ते समजावं.

दोन नंबर ठेवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा तोडगा. एक आतला: बँक, आधार, आयकर, मुख्य ईमेल. हा कुणाला द्यायचा नाही, व्हिजिटिंग कार्डावर नाही, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाही. दुसरा बाहेरचा: दुकानं, कुरिअर, जेवणाची ॲप्स, ओळखीपाळखी. गोची एकच. आतल्या नंबरावरून बोलणं होत नाही, मग रिचार्ज करायला विसरतो आणि नेमका तोच बंद पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितल्यावर कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढले आहेत, वर्षभराचेही. आतल्या नंबरासाठी तेच घ्या. कंपन्या त्यांची जाहिरात करत नाहीत, ॲपमध्ये तळाशी शोधावे लागतात.

पण नंबर सोडायचाच झाला तर? इथे घाई नडते आणि क्रम चुकला की जास्तच. सगळ्यात आधी यादी हवी, आणि ती आठवून होत नाही. ती आपल्या एसएमएसच्या डब्यातच पडलेली असते. मागच्या पूर्ण वर्षाचे मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाने चाळा. वर्षाचे म्हणजे वर्षाचेच, कारण विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, गाडीचा विमा, पीयूसी, आयकराचा परतावा हे वर्षातून एकदाच तोंड दाखवतात.

मग सुरुवात ईमेलपासून. बाकी सगळीकडचे पासवर्ड विसरलो तर दुरुस्ती ईमेलवरच येते. गूगलच्या खात्यात रिकव्हरी नंबर बदला, आणि त्याच वेळी बॅकअप कोड काढून कागदावर लिहून कपाटात ठेवा. दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, नंबर नसताना आत शिरायचा हा मार्ग असतो. त्यानंतर बँक. काही बँका एटीएमवर करतात, काहींना शाखेत अर्ज हवा. दोन्ही नंबरांवर कोड येऊ शकतो, म्हणून जुनं सिम चालू असतानाच हे उरका. संयुक्त खातं असेल तर दुसऱ्या खातेदाराचा नंबर कुठला लागला आहे तेही बघा, घरोघरी तिथे नवऱ्याचाच असतो. बँकेत बदल झाला की यूपीआयची नोंदणी नव्याने. नव्या नोंदणीला पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांची मर्यादा असते, तेव्हा हे काम हॉस्पिटलचं बिल भरायच्या दिवशी काढू नये.

आधारसाठी केंद्रावर गेलात तर बोटाचे ठसे देऊन काम होतं. जुन्या नंबरावरचा कोड लागत नाही, वेगळं कागदपत्र लागत नाही. पण एकाच नंबराला कितीही आधार जोडता येतात, आणि आपल्याकडे आई, आत्या, गावाकडचे काका सगळ्यांच्या आधारला घरातल्या एका शिकलेल्या पोराचा नंबर दिलेला असतो. त्याने नंबर सोडला की सगळ्यांचं अडतं, आणि दुरुस्ती प्रत्येकाची वेगळी करावी लागते. गावात याहून वाईट प्रकार होतो: सेवा केंद्रात अर्ज भरताना ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या अर्जात चालकच आपला नंबर टाकतो. वाईट हेतूने असं नाही, काम पुढे सरकावं म्हणून. पण त्या म्हाताऱ्याच्या अनुदानाचे सगळे संदेश कायमचे दुसऱ्याकडे.

व्हॉट्सॲपमध्ये ‘नंबर बदला’ हाच पर्याय वापरा. त्याने गट आणि गप्पा नव्या नंबरावर येतात आणि जुन्या नंबराचं खातं पुसलं जातं. नुसतं नव्या नंबरावर दुसरं खातं उघडलं तर जुनं तसंच लोंबकळत राहतं. मग डिमॅट, पीएफ, फास्टॅग, गाडीची नोंद, गॅस. महावितरणला बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी घेऊनच बसा. खरेदीची ॲप्स शेवटी, आणि जी लागत नाहीत ती खाती नुसती ॲप काढून न टाकता आतून डिलीट करून.

हे झाल्यावर जुनं सिम एखाद्या साध्या फोनमध्ये घालून दोन-तीन महिने चालू ठेवा. त्यावर जो मेसेज येईल तो राहून गेलेला हिशेब. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कायमच्या बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी वापरून आपल्या नोंदी साफ करायला सांगितलं आहे, यूपीआय ॲप्सनाही ती आठवड्याला तपासावी लागते. पण ती चाळणी बँकेची. किराण्याच्या ॲपला असं काही बंधन नाही.

घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात केली जाणारी एक चूक म्हणजे त्यांचं सिम बंद करून टाकणं. ‘उगाच रिचार्ज कशाला.’ मग विम्याच्या दाव्याला, आयकराच्या शेवटच्या परताव्याला, म्युच्युअल फंडाच्या नोंदीला कोड त्याच नंबरावर जातो आणि वारस हात चोळत बसतात. नंबर निदान वर्षभर चालू ठेवा, मृत्यूचा दाखला देऊन वारसाच्या नावावर करून घेता येतो का ते कंपनीच्या दुकानात विचारा. मात्र त्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीने गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढू नयेत, घरचेच असले तरी. बँकेला कळवून नॉमिनीचा रीतसर दावा करावा. भावंडांतले कितीतरी वाद या एका व्यवहारावरून पेटतात.

आणि परदेशातली मंडळी. न्यू जर्सीत दहा वर्षं राहून पुण्यातलं सिम रिचार्ज करत राहणारे कमी नाहीत, निव्वळ ओटीपीसाठी. रोमिंग चालू असेल तर येणाऱ्या एसएमएसला बहुधा पैसे पडत नाहीत, पण ते भारत सोडण्यापूर्वी चालू करून घ्यावं. तिथे पोचल्यावर कस्टमर केअरशी झुंजणं जिवावर येतं. सोयी थोड्या वाढल्या आहेत. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती अशा काही देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याचं यूपीआय चालवायला परवानगी आहे. आधारला मात्र परदेशी नंबर जोडता येत नाही. त्यामुळे पुण्यातलं सिम मेलं की जुलैत आयकर विवरण भरून ते आधारच्या ओटीपीने पक्कं करण्याची वाट बंद. नेटबँकिंगने करता आलं तर ठीक, नाहीतर आयटीआर-व्ही, म्हणजे विवरण भरल्याची पोच, छापायचा, निळ्या शाईने सही करायची आणि ३० दिवसांच्या आत टपालाने बंगळुरूला पाठवायचा.